राखीव पंधरा पत्त्यांचे गणित

बदाम सात असो, मेंढीकोट असो वा तीनशे चार, आपल्याकडील पत्त्यांच्या खेळात कॅट सर्वांसाठी एकच असतो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाची १२० पानेही सर्व खेळाडूंमध्ये वाटली जातात. खेळाडूचे कौशल्य वाटणी झाल्यानंतर सुरू होते. १९९३ साली अमेरिकेतील गणितज्ञ रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेल्या आणि विझार्ड्‌स ऑफ द कोस्ट या कंपनीने बाजारात आणलेल्या 'मॅजिक : द गॅदरिंग' या खेळाने ही चौकट मोडली. या खेळात प्रत्येक जण आपला डेक घरूनच बांधून आणतो. हजारो पत्त्यांमधून किमान ६० पत्ते निवडायचे आणि स्पर्धेत त्यांच्या जोडीला जास्तीत जास्त १५ राखीव पत्ते ठेवायचे. या राखीव पत्त्यांना 'साइडबोर्ड' म्हणतात. नवखा खेळाडू मुख्य डेकवर महिनोन्‌महिने खर्च करतो आणि साइडबोर्ड मात्र स्पर्धेच्या आदल्या रात्री भरतो. त्याचा पराभव बहुधा तेथेच ठरतो.

नियम काय सांगतो?

कबड्डीत सात खेळाडू मैदानात आणि पाच राखीव असतात. साइडबोर्डची कल्पना काहीशी तशीच आहे. फरक एवढाच, की येथे डाव सुरू असताना बदल करता येत नाही. सामना साधारणतः तीन डावांचा असतो आणि दोन डाव जिंकणारा विजयी ठरतो. पहिला डाव मूळ डेकनेच खेळावा लागतो. त्यानंतर प्रत्येक डावापूर्वी राखीव पत्ते आत घेता येतात. पुढच्या प्रतिस्पर्ध्यासमोर बसताना मात्र डेक पुन्हा मूळ रूपात आणावा लागतो. मूलभूत लँड वगळता कोणत्याही पत्त्याच्या चारपेक्षा अधिक प्रती चालत नाहीत आणि ही मर्यादा डेक व साइडबोर्ड मिळून मोजली जाते. पूर्वी जितके पत्ते आत घ्यायचे तितकेच बाहेर काढावे लागत. २०१३ पासून मुख्य डेक ६० पेक्षा कमी आणि साइडबोर्ड १५ पेक्षा जास्त होऊ न देणे एवढेच बंधन आहे. 'यू-गी-ओ' या खेळातही १५ राखीव पत्त्यांची सोय आहे, 'पोकेमॉन'च्या पत्त्यांच्या खेळात मात्र ती नाही.

या पंधरा पत्त्यांना एवढे महत्त्व का, याचे उत्तर सोप्या हिशेबात आहे. सामना दोन डावांत संपला, तर त्यांतला एक डाव बदललेल्या डेकने खेळला जातो. तो तीन डावांपर्यंत गेला, तर असे डाव दोन होतात. म्हणजे स्पर्धेतील निम्म्याहून कमी डाव कधीच साइडबोर्डशिवायचे नसतात असे नव्हे, तर मूळ डेकने खेळलेले डाव निम्म्यापेक्षा जास्त कधीच होत नाहीत.

चांगला पत्ता आणि उपयोगी पत्ता

मुख्य डेकमध्ये जागा न मिळालेले 'चांगले' पत्ते साइडबोर्डमध्ये टाकणे ही सर्वांत सामान्य चूक होय. मुख्य डेकला कोणाहीसमोर चालणारा पत्ता हवा असतो, तर साइडबोर्डला विशिष्ट प्रतिस्पर्ध्यासमोर डाव फिरवणारा. 'लेलाइन ऑफ द व्हॉइड' हे त्याचे ठळक उदाहरण. काही डेक ग्रेव्हयार्डवर, म्हणजे वापरून झालेल्या पत्त्यांच्या ढिगावर, जगतात. हा पत्ता प्रतिस्पर्ध्याचे पत्ते त्या ढिगात पोहोचूच देत नाही, आणि सुरुवातीच्या हातात आला तर डावाच्या आरंभीच फुकट मांडता येतो. ज्याला ग्रेव्हयार्डची गरज नाही, त्याच्यासमोर मात्र तो जवळजवळ निरुपयोगी ठरतो. 'ब्लड मून' हा पत्ता मूलभूत नसलेल्या सर्व लँडचे 'माउंटन' करून टाकतो. अनेक रंगांच्या डेकची त्याने कोंडी होते, पण एकरंगी डेकला त्याचे फारसे सोयरसुतक नसते.

आधी बाहेर, मग आत

साइडबोर्डची निवड 'काय आत घ्यावे' येथून सुरू न करता 'काय बाहेर काढता येईल' येथून करावी. समोर येण्याची शक्यता असलेल्या पाच-सहा प्रकारच्या डेकची यादी करावी आणि प्रत्येकासमोर आपले कोणते पत्ते निकामी ठरतात ते लिहावे. समजा, प्रतिस्पर्ध्याच्या डेकमध्ये क्रीचर जवळजवळ नाहीत, तर क्रीचर मारणारे आपले चार पत्ते बाहेर जातील. मग त्या लढतीसाठी आठ राखीव पत्ते ठेवण्यात अर्थ नाही. उरलेल्या चारांसाठी आपल्याच डेकचा कणा असलेले पत्ते काढावे लागतील आणि डेकची मूळ चालच बिघडेल.

किती प्रती ठेवाव्यात, हे संभाव्यतेचे गणित सांगते. ६० पत्त्यांच्या डेकमध्ये एखादा पत्ता एकच असेल, तर पहिल्या सात पत्त्यांत तो येण्याची शक्यता सुमारे १२ टक्के असते. दोन प्रती असल्यास ती २२, तीन असल्यास ३१ ते ३२ आणि चार असल्यास ४० टक्क्यांपर्यंत जाते. दहा पत्ते पाहून झाल्यावरही चार प्रतींपैकी एक हाती आलेली असण्याची शक्यता ५३ टक्क्यांच्या आसपासच राहते. म्हणूनच पहिल्या दोन-तीन पाळ्यांत हवाच असा पत्ता असेल, तर त्याच्या तीन-चार प्रती ठेवाव्यात. डाव लांबल्यावर उपयोगी पडणाऱ्या पत्त्याच्या एक-दोन पुरतात.

पण प्रत्येकाच्या चार प्रती घेतल्या, तर पंधरा जागांत चार प्रकारचे पत्तेही पूर्ण बसत नाहीत. येथे बहुगुणी पत्ते कामी येतात. 'ड्युरेस' प्रतिस्पर्ध्याचा हात उघड करायला लावतो आणि त्यातील क्रीचर वा लँड नसलेला एक पत्ता टाकायला लावतो. तो कोणत्याही एका लढतीत 'लेलाइन'इतका घातक नाही, पण तीन-चार प्रकारच्या डेकसमोर उपयोगी पडतो.

कोणाचे आभाळ, कोणाचा पेरा

बीड जिल्ह्यातील वडवणी परिसरातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हा विचार नवा वाटणार नाही. पाऊस वेळेवर आला तर मूग-उडीद साधतो. तो जुलैच्या मध्यापुढे लांबला, तर त्यांचा नाद सोडून बाजरी, तूर, सूर्यफूल यांकडे वळावे लागते. हा दुसरा बेत आभाळ पाहून आयत्या वेळी ठरवता येत नाही, त्याची तजवीज आधीच करावी लागते. शिवाय, दुसऱ्या मुलखातील पावसासाठी केलेला बेत आपल्या शिवारात चालत नाही.

परदेशी विजेत्याची पंधरा पत्त्यांची यादी जशीच्या तशी उचलणाऱ्यांची गफलत नेमकी येथेच होते. ती यादी त्या स्पर्धेत, त्या आठवड्यात अपेक्षित असलेल्या डेकसाठी केलेली असते. वडवणीसारख्या तालुक्याच्या गावी आठ-दहा मित्रांनी मिळून स्पर्धा भरवली आणि त्यांच्यात ग्रेव्हयार्डवर खेळणारा एकही नसेल, तर विजेत्याच्या यादीतील चार 'लेलाइन' म्हणजे वाया गेलेल्या चार जागा होत. त्याउलट, निम्मे जण वेगाने हल्ला करणारे लाल डेक आणत असतील, तर प्राण वाढवणाऱ्या आणि स्वस्तात क्रीचर मारणाऱ्या पत्त्यांना सात-आठ जागा देणेही वावगे नाही.

अखेर कसोटी एकच. साइडबोर्डमधील प्रत्येक पत्त्यावर बोट ठेवून तो कोणासमोर आत येणार आणि कोणाच्या जागी येणार, हे सांगता आले पाहिजे. या दोन्ही प्रश्नांचे उत्तर नसलेला पत्ता कितीही दुर्मीळ वा महाग असला, तरी त्याची जागा साइडबोर्डमध्ये नाही.