पारख पानाची, किंमत कुणाची?

हवानाचा सिगार असो की पंचवीस बिड्यांचा कट्टा, त्याची पत बाहेरच्या पानावर ठरते. हे पान डोळ्यांनी आणि बोटांनी जोखणारी माणसं दोन्हीकडे आहेत. मात्र जोखून झाल्यावर खिसा हलका होतो तो वेगवेगळ्या माणसांचा.

खुर्सीपार ही भिलाईतली कामगारवस्ती. १९५९ साली पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं या गावाकडे येऊ लागली. विदर्भ तर शेजारचाच. मराठी घरंही भिलाईत आली आणि रुजली. इथल्या पानठेल्यावर बिडीचा कट्टा मागा, पैसे काढेपर्यंत हातात पडेल. हवाना सिगार मागितला, तर मात्र ठेलेवाला गिऱ्हाइकाला खालपासून वरपर्यंत न्याहाळेल!

तसं पाहिलं तर दोन्ही वस्तू एकाच कुळातल्या. आत तंबाखू, बाहेर पान आणि ते वळणारी माणसाची बोटं. सिगारेटसारखा कागद नाही की धडधडणारं यंत्र नाही. फरक किमतीचा, आणि तो इतका की एका चांगल्या क्युबन सिगारच्या पैशांत बिड्यांचे कट्टे पोत्यानं येतील. परदेशात नोकरी करणारा भाचा किंवा जावई सुट्टीवर येताना हल्ली कधीमधी सिगारची लाकडी पेटी घेऊन येतो. ती पाहून घरातली मंडळी एकच प्रश्न विचारतात : एवढे पैसे नेमके कशाचे?

उत्तर द्यायला सिगार पारखणारे काय करतात ते आधी पाहायला हवं.

आधी डोळे, मग बोटं, शेवटी जीभ

सिगारचे भाग तीन. आतलं भरण, ते बांधून ठेवणारं पान आणि सगळ्यांत वर दिसणारं आवरणाचं पान. उंची सिगारमध्ये भरणाचा चुरा नसतो. लांबच्या लांब पानं हातानं घड्या घालून बसवलेली असतात. आवरणाचं पान वजनाला नगण्य, पण भाव त्याचाच सगळ्यांत चढा. क्युबाच्या पश्चिम टोकाला पिनार देल रिओ प्रांतात व्हुएल्ता आबाहो नावाचा पट्टा आहे. तिथं या पानासाठी शेतावर पातळ कापडाचे मांडव घालतात. ऊन गाळून आलं की पान पातळ राहतं, शिरा जाड होत नाहीत. मग ते वाळवायचं, ढीग रचून आंबवायचं, मुरवायचं. आपल्याकडे लोणच्याला दिवस लागतात, इथं महिने लागतात, काही पानांना वर्षं.

जाणकार माणूस सिगार पेटवायची घाई करत नाही. रंग सगळीकडे सारखा आहे का, शिरा वर आल्यात का, पानावर तेलाची बारीकशी तकाकी आहे का, हे तो उजेडात धरून पाहतो. मग दोन बोटांत हलकेच दाबत टोकापासून टोकापर्यंत जातो. कुठं गुठळी लागली तर धूर अडणार, कुठं पोकळ लागलं तर तो भाग भराभर जळणार. टोक कापून न पेटवताच एक झुरका घेतला की ओढ मोकळी आहे की घट्ट हेही कळतं. पेटवल्यावर राख लगेच गळून पडली नाही आणि जळती कड सरळ राहिली, तर वळणाऱ्याचा हात चांगला.

चवीची पाळी येते ती यानंतर. सिगारचा धूर छातीत ओढायचा नसतो. तोंडात घोळवून सोडून द्यायचा. पहिला, मधला आणि शेवटचा असे तीन टप्पे धरून लाकूड, कॉफी, मिरी, कातडं, ओली माती अशा शब्दांत चवीची नोंद होते. यातला काही भाग खरा आणि काही भाग बोलण्याची हौस, असं म्हणायला हरकत नाही. शास्त्रीय संगीताच्या बैठकीत काही जण गाण्यापेक्षा माना डोलावण्यात रंगलेले असतात, त्यातलाच प्रकार.

म्हणूनच अमेरिकेत १९९२ साली निघालेल्या ‘सिगार अफिशिओनाडो’ या नियतकालिकानं परीक्षकांसाठी एक चांगला नियम केला. सिगारवरचं नावाचं कागदी कडं काढायचं, नंबर लिहिलेलं कोरं कडं चढवायचं आणि मग शंभरापैकी गुण द्यायचे. नाव झाकलं की दबदबा गळून पडतो. घरच्या घरीही ही युक्ती चालते.

कारण किमतीत नावाचा वाटा मोठा असतो, आणि नवलाईचाही. क्युबाच्या मालावर अमेरिकेनं १९६२ साली बंदी घातली. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी त्या हुकमावर सही करण्याआधी आपले प्रसिद्धी सचिव पिअर सॅलिंजर यांना शहरभर पाठवून आवडते क्युबन सिगार गोळा करायला सांगितले. सॅलिंजर बाराशे घेऊन आले आणि मगच सही झाली. ही हकीकत सॅलिंजर यांनीच पुढं लिहून ठेवली आहे. बंदी घालणारालाच जी वस्तू सोडवेना, तिचा भाव वाढला नाही तरच आश्चर्य. ‘कोहिबा’ हा क्युबाचा सगळ्यांत मानाचा सिगार १९६६ साली जन्मला तोच मुळी फिडेल कॅस्ट्रो आणि त्यांच्या पाहुण्यांसाठी. दुकानात यायला त्याला १९८२ साल उजाडलं. २०२२ मध्ये क्युबन कंपनीनं जगभरचे कोहिबाचे दर हाँगकाँगच्या चढ्या दरांना नेऊन भिडवले. पान तेच, हात तेच, किंमत मात्र एका रात्रीत बदलली.

भाच्यानं आणलेल्या पेटीचं मोल करताना एवढं लक्षात घेतलं तरी पुरे. पानाची निवड, मुरवण आणि वळणाऱ्याचा हात यांचे पैसे कुठंतरी संपतात आणि त्यापुढं कड्याचे, कराचे आणि मिरवण्याचे सुरू होतात. पसंत पडलं नाही तर नुकसान होतं ते ओढणाऱ्याचं. पैसे त्याचे, जीभ त्याची, निकालही त्याचाच.

दसऱ्याच्या सोन्यापासून तेंदूपर्यंत

आता पुन्हा भिलाईकडे. रेल्वेनं पश्चिमेला निघालं की दुर्ग, राजनांदगाव, डोंगरगड करत गाडी गोंदियाला पोचते. या मुलखातल्या जंगलांत तेंदू मुबलक. मराठीत टेंभुर्णी म्हणतात तेच हे झाड. उन्हाळ्यात त्याची टेंभरं पोरं आवडीनं खातात. बिडीला पूर्वी इतर पानंही लावत. दसऱ्याला आपण सोनं म्हणून लुटतो तो आपटाही काही भागांत बिडीच्या कामी आला आहे. पण तेंदूनं सगळ्यांवर मात केली. पान मोठं, वाळल्यावरही लवचिक, वळताना न चिरणारं आणि तंबाखूच्या चवीत लुडबुड न करणारं.

गुजरातेतल्या १८९९ च्या दुष्काळानंतर तिकडची काही पटेल कुटुंबं मध्य प्रांतात आली आणि त्यांनी हे पान हेरलं. जबलपूरची मोहनलाल हरगोविंददास ही पेढी त्यांतलीच. रेल्वे आल्यावर गोंदियाही या धंद्याचं मोठं ठाणं झालं. तिथले बिडी कारखानदार मनोहरभाई पटेल यांनी १९५८ मध्ये गोंदिया एज्युकेशन सोसायटी काढली. आतल्या तंबाखूसाठी गुजरातच्या चरोतरचं आणि सीमाभागातल्या निपाणीचं नाव घेतलं जातं. निपाणीच्या तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर बसले होते, हे अनेकांना आठवत असेल.

बिडीचंही नावावाचून चालत नाही. पुण्याच्या साबळे-वाघिरे कंपनीला ‘संभाजी बिडी’ हे आपलं जुनं नाव लोकांच्या विरोधानंतर बदलावं लागलं आणि २०२१ पासून ती ‘साबळे बिडी’ झाली. थोर पुरुषाचं नाव बिडीवर नको, ही मागणी योग्यच होती.

तेंदूच्या पानाची पारख सुरू होते ती जंगलात. होळीच्या आगेमागे झुडपं छाटतात, त्याला खुटकटाई म्हणतात. त्यानंतर साधारण दीड महिन्यानं कोवळी तांबूस पालवी जाऊन पान हिरवं, भरलेलं होतं. उन्हं चढायच्या आत घरातली माणसं ते तोडून आणतात, दुपारभर पन्नास-पन्नास पानं जुळवून गड्ड्या बांधतात आणि संध्याकाळी फडावर नेतात. शिर जाड आहे, पानावर कीटकांच्या गाठी आहेत, भोकं पडलीत, आकार लहान आहे, अशी पानं असली की गड्डी नाकारली जाऊ शकते. हा निकाल फडमुंशीच्या नजरेवर. मग गड्ड्या उन्हात ओळीनं मांडायच्या, पालटायच्या, वाळल्या की पाणी शिंपडून पोत्यांत भरायच्या. मधेच अवकाळी पाऊस किंवा गारा आल्या की सगळं मुसळ केरात.

छत्तीसगडमध्ये हजार गड्ड्यांचा एक मानक बोरा धरतात, म्हणजे पन्नास हजार पानं. सरकारनं त्याचा संकलनाचा दर २०१९ मध्ये ४,००० रुपये आणि २०२४ मध्ये ५,५०० रुपये केला. भागाकार करून पाहा : एका पानाला अकरा पैसे. विक्रीत नफा झाला तर पुढं बोनस मिळतो. महाराष्ट्रात पुड्यात सत्तर पानं बांधतात. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा तेंदूचा लिलाव स्वतःच करू लागल्या आहेत. पान पारखायला व्यापारी येतो, पण पलीकडे आता गावही बसलेलं असतं.

छाट

पान पुढं जातं ते बिडी वळणाऱ्या बाईच्या सुपात. भारतात हे काम मुख्यतः बायका घरी बसून करतात. कंत्राटदार, म्हणजे सट्टेदार, तिला वजन करून पान आणि तंबाखू देतो आणि हजारांच्या हिशेबानं बिड्या परत मागतो. पान भिजवायचं, पत्र्याच्या साच्यावर धरून कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू पसरून वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. सराईत हात दिवसाला आठशे ते हजार बिड्या करतो.

खरी मेख आहे ती दिलेल्या पानात. पान फाटकं, शिरांचं किंवा बारीक निघालं तर हजार बिड्यांना ते पुरत नाही. उरलेलं पान तिनं बाजारातून पदरचे पैसे घालून आणायचं. संध्याकाळी बिड्या सट्टेदाराकडे गेल्या की तो मूठभर उचलतो, बोटांत दाबतो, सैल-घट्ट पाहतो. सिगारचा जाणकार करतो तेच सगळं, फक्त झपाट्यानं. नापसंत बिड्या बाजूला काढायच्या, याला धंद्यात ‘छाट’ म्हणतात. छाटीची मजुरी कापली जाते. खराब पान दिलं त्यानं, खराब बिडी ठरवली त्यानंच आणि दंड मात्र तिला.

हा अन्याय कायद्याच्याही नजरेत आला होता. १९६६ चा बिडी आणि सिगार कामगार कायदा या दोन्ही धंद्यांना एकाच नावात बांधून झाला. कच्चा माल कमी-जास्त देणं, माल नाकारणं आणि नाकारलेल्या मालाची मजुरी, या तिन्ही बाबतींतल्या तंट्यांची दाद घेण्याची त्यात सोय होती. राज्यांच्या नियमांनी छाटीवर शेकडेवारीची मर्यादा घातली. केरळात हा कायदा लागू करायची वेळ आली तेव्हा काही मोठ्या बिडी कंपन्यांनी तिथलं काम बंद केलं. त्या बेकारीतून १९६९ साली कन्नूरला ‘दिनेश बिडी’ ही कामगारांची सहकारी संस्था उभी राहिली. तिथल्या कामाच्या जागी एक जण वर्तमानपत्र वाचून दाखवी आणि बाकीचे वळत. क्युबाच्या सिगार कारखान्यांतही एकोणिसाव्या शतकापासून हीच प्रथा आहे. ‘मॉन्टेक्रिस्टो’ या सिगारचं नाव तर अशा वाचनातल्या कादंबरीवरूनच पडलं. घरात एकटीनं वळणाऱ्या बाईला ही सोबत मिळत नाही.

तिच्या वाट्याला येते ती तंबाखूची धूळ. ओढणाऱ्याचंही काही खरं नाही. तेंदूच्या पानातून हवा आत कमी जाते, त्यामुळं बिडी विझू नये म्हणून झुरके भराभर मारावे लागतात आणि टार, निकोटिन, कार्बन मोनॉक्साइड अंगात जास्त जातं. पान नैसर्गिक म्हणून बिडी सौम्य, ही समजूत चुकीची आहे. सिगारचा धूर गिळला नाही तरी तोंडाचा आणि घशाचा कर्करोग चुकत नाही, मग तो कोहिबा का असेना.

१९६६ चा तो कायदा आता नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि तो त्यांत विलीन झाला. त्याआधी सप्टेंबरमध्ये जीएसटी परिषदेनं तेंदूपानावरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणायचा आणि सिगारवरचा ४० टक्क्यांवर न्यायचा निर्णय घेतला. छाटीचा प्रश्न मात्र सट्टेदाराच्या ओट्यावरच आहे. नापसंत म्हणून काढलेल्या बिड्या अनेक ठिकाणी बाईला परत मिळत नाहीत, ही कामगारांची जुनी तक्रार. मजुरी कापली जाते आणि त्या बिड्या सट्टेदाराकडेच राहतात.