जन्मतारीख १ जुलै

कारंजा तालुक्यातल्या कामरगावात १९३६ साली जन्मलेला एखादा माणूस धरा. गाव सोडून तो कधी कुठे राहायला गेला नाही. फार तर बाजारहाटाला कारंज्याला आणि कोर्टकचेरीच्या कामाला अकोल्याला. तरी त्याच्या पायाखालचा मुलूख किती वेळा बदलला हे मोजायला घेतलं की थक्क व्हायला होतं. तो जन्मला तेव्हा वऱ्हाडात कारभार इंग्रजांचा आणि मालकी हैदराबादच्या निजामाची. १८५३च्या तहाने हा मुलूख इंग्रजांच्या हाती गेला. १९०२ साली व्हाइसरॉय कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये देण्याचं ठरवून तो कायमच्या पट्ट्यावर घेतला, पण कागदावर धनी निजामच राहिला. १९३६ सालीच निजामाच्या थोरल्या मुलाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. म्हणजे हैदराबादच्या महालातला एक राजपुत्र नावापुरता कामरगावचाही राजपुत्र होता!

पुढे स्वातंत्र्य आलं. मध्य प्रांत-वऱ्हाड गेला आणि १९५०पासून गाव मध्य प्रदेशात. १ नोव्हेंबर १९५६ला द्विभाषिक मुंबई राज्यात. १ मे १९६०ला महाराष्ट्रात. जिल्हा अकोला होता, तो १ जुलै १९९८ला वाशिम झाला. माणूस जागचा हलला नाही. हद्दी त्याच्या अंगावरून येत-जात राहिल्या.

परदेशातून कोण चोरून आला, कोणाला ठेवायचं, कोणाला परत धाडायचं, यावर आज घराघरांत तावातावाने बोललं जातं. ते ऐकताना मला या माणसाची आठवण होते, कारण तो भारताचा नागरिक झाला तो एकही कागद न दाखवता. घटनेच्या पाचव्या अनुच्छेदाने २६ जानेवारी १९५०ला भारतात कायम वास्तव्य असलेल्या आणि इथेच जन्मलेल्या प्रत्येकाला एका रात्रीत नागरिक करून टाकलं. अर्ज नाही, फी नाही, साक्षीदार नाही. पाकिस्तानातून आलेल्यांसाठी मात्र एक तारीख होती, १९ जुलै १९४८. भारतीय मुळाचा माणूस त्याआधी येऊन इथे स्थायिक झाला असेल तर तो आपोआप नागरिक, त्यानंतर आला असेल तर नोंदणी करावी लागे. त्याच दिवशी सरहद्दीवर परमिटची पद्धत सुरू झाली होती. तारखेवर माणसं वेगळी करण्याची आपल्याकडची सुरुवात ही.

नंतर तारखा वाढत गेल्या. १९५५चा नागरिकत्व कायदा आधी फार उदार होता. भारताच्या भूमीवर जन्मलं की झालं, आईबाप कुठलेही असोत. आसाम करारानंतर १९८६ साली दुरुस्ती आली आणि १ जुलै १९८७पासून आईबापांपैकी एक जण भारतीय असण्याची अट लागली. २००३च्या दुरुस्तीने दोर आणखी आवळला. ३ डिसेंबर २००४पासून जन्मणाऱ्या बाळाचे दोघंही पालक भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरा निदान अवैध स्थलांतरित नसलेला. अवैध स्थलांतरित म्हणजे पासपोर्टाविना किंवा खोट्या कागदांवर शिरलेला, आणि रीतसर व्हिसावर येऊन मुदत उलटल्यावरही राहिलेला. लोकांच्या डोळ्यांपुढे रात्री कुंपण ओलांडणारा येतो. विमानतळावर शिक्का मारून आलेला आणि मग परत न गेलेलाही त्याच व्याख्येत बसतो.

आता ती १ जुलैची तारीख पुन्हा पाहा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही खेड्यातल्या शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर उघडा. पानांमागून पानं १ जून आणि १ जुलै अशाच जन्मतारखा. आईला आठवायचं ते ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी’ किंवा ‘वेचणी चालू होती तेव्हा’. गुरुजींना रकाना भरायचा असायचा, पोर सहा वर्षांचं दिसायला हवं असायचं, म्हणून शाळा सुरू होण्याच्या आसपासची सोयीची तारीख ते टाकून देत. त्यात कोणाचं वाईट करण्याचा हेतू नव्हता, उलट पोर शाळेत यावं ही तळमळ होती. पण १९८७ साली जन्मलेल्या एखाद्या मुलाच्या दाखल्यावर गुरुजींच्या टाकातून १ जुलै उतरला आणि शेजारच्याच्या दाखल्यावर १ जून, तर देशाच्या कायद्यात ती दोन पोरं रेषेच्या दोन बाजूंना जाऊन पडली. पहिल्याला कधीतरी बापाचं किंवा आईचं भारतीयत्वही दाखवावं लागेल, दुसऱ्याला नाही. दिल्लीत कायदा करणाऱ्यांना आपली ही सवय ठाऊक नसणार. गुरुजींना तर पुढचा कायदा ठाऊक असणं शक्यच नव्हतं. हे दोन हात एकाच तारखेवर येऊन टेकले, याचं आश्चर्य माझ्या मनातून जात नाही.

शाळेच्या मागे गेलं की कोतवाल बुक लागतं. जातपडताळणीच्या निमित्ताने विदर्भातल्या हजारो घरांनी त्याची नक्कल काढली आहे, ज्यांनी काढली नाही त्यांनी निदान नाव ऐकलं आहे. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१च्या आधीचा. त्यामुळे पणजोबांचा कागद शोधत तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये धूळ खाणं हे आपल्याकडे घरोघरचं काम झालं आहे. पिवळं पडलेलं, कडा झडलेलं पान. कुठे मोडीत, कुठे बाळबोधीत. तारीख, बापाचं नाव, जात, मुलगा किंवा मुलगी. बाळाचं नाव बहुतेक नोंदींत नसतंच, कारण कोतवाल नोंद करून गेला तेव्हा बारसं झालेलं नसायचं. पुढे त्या बाळाला स्वतःचा पुरावा म्हणून हे पान दाखवायचं झालं, तर आधी हे सिद्ध करावं लागतं की ‘अमक्याला मुलगी झाली’ यातली ती मुलगी मीच.

मुलगीच असेल तर गुंता आणखी वाढतो. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून कामरगावच्या सुनेचं बाळ नोंदलं जातं तिच्या आईच्या गावच्या ग्रामपंचायतीत, कधी दुसऱ्याच जिल्ह्यात. लग्नात बाईचं आडनाव बदलतं, मधलं नाव बदलतं, आणि जुन्या रीतीने पहिलं नावही बदलायचं. शाळेच्या टीसीवर एक बाई, रेशनकार्डावर दुसरी, मतदार यादीत तिसरी, आणि तिन्ही एकच. नागरिकत्वाचा पुरावा मागणारी कुठलीही मोहीम सुरू झाली की पहिल्यांदा अडखळतात त्या बाया, मग भूमिहीन, मग पालावर फिरणारे. त्यांच्यापैकी कोणीही सीमा ओलांडलेली नसते.

जन्मदाखल्याचं महत्त्व जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या २०२३च्या दुरुस्तीने एकदम वाढलं. १ ऑक्टोबर २०२३पासून जन्मणाऱ्यांसाठी शाळाप्रवेश, मतदार नोंदणी, पासपोर्ट, आधार या सगळ्यांना हाच दाखला पुरावा ठरला. नोंद २१ दिवसांत केली तर काम फुकट होतं. वर्षाहून जास्त उशीर झाला तर पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागे, आता ते काम जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आलं. कोर्टाची पायरी टळली म्हणून जुन्या नोंदींसाठी तहसीलमध्ये अर्जांची रीघ लागली. जानेवारी २०२५मध्ये आरोप झाले की मालेगाव, अकोला, अमरावतीकडे या वाटेने बांगलादेशी आणि रोहिंग्यांना दाखले मिळाले. सरकारने विशेष तपास पथक नेमलं, उशिराचे दाखले देणं थांबवलं, आणि मार्चमध्ये कडक कार्यपद्धती आणली.

तेव्हा आपल्या भागातल्या चहाटपऱ्यांवर दोनच वाक्यं फिरत होती. ‘ज्याच्यापाशी कागद नाही त्याले ठेवाचं कायले?’ आणि त्याला लगेच उत्तर, ‘अन् आपल्या बुढीपाशी कोनता कागद हाये?’ मला दोन्ही वाक्यं खरी वाटतात. खोटा दाखला करून देणारा आणि घेणारा, दोघांनाही शिक्षा झाली पाहिजे, कारण त्यांच्यामुळे खऱ्या अर्जदाराच्या दाखल्यावरही संशय येतो. पण उशिरा नोंद झाली हा मुळात गुन्हा नाही. आपल्या गावांत ती एका अख्ख्या पिढीची परिस्थिती होती.

त्याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली आणि लोकांच्या न्यायबुद्धीचा काटा दुसरीकडे कलला. ५ फेब्रुवारी २०२५ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, त्यात तिघं महाराष्ट्रातले होते. हातांत बेड्या, पायांत साखळ्या. जे काल म्हणत होते की कागद नसलेल्याला बाहेर काढा, तेच हळहळले की पोटासाठी गेलेल्या पोरांना असं आणतात का. कायद्याच्या नजरेत ते अमेरिकेतले अवैध स्थलांतरितच होते. लोकांचा राग त्यांना परत पाठवण्यावर फारसा नव्हता, ज्या रीतीने पाठवलं तिच्यावर होता. देशाला दार लावून घेण्याचा हक्क आहे हे बहुतेकांना मान्य असतं. दाराशी आलेल्याला कसं वागवायचं यावर मनं हलतात, आणि तो आपला निघाला की जास्तच हलतात.

मग नागरिकत्वाचा पक्का पुरावा कोणता? आधार नव्हे. ते वास्तव्यावर मिळतं आणि तो नागरिकत्वाचा पुरावा नाही असं आधारचा कायदा स्वतःच सांगतो. १२ ऑगस्ट २०२५ला मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती अमित बोरकरांनी ठाण्यातल्या एका प्रकरणात जामीन नाकारताना म्हटलं की आधार, पॅन किंवा मतदार कार्ड जवळ असल्याने कोणी भारतीय ठरत नाही. जन्मदाखला तरी? २००४नंतर जन्मलेल्याचं नागरिकत्व आईबापांच्या नागरिकत्वावर अवलंबून, आणि दाखल्यावर त्यांच्या राष्ट्रीयत्वाचा रकानाच नाही. ज्या कागदासाठी एवढी झुंबड, तो मूळ प्रश्नाचं पूर्ण उत्तर देत नाही. ‘हा भारताचा नागरिक आहे’ असं स्वच्छ लिहिलेलं प्रमाणपत्र मिळतं ते बाहेरून आलेल्याला. नागपूरच्या जरीपटक्यात फाळणीनंतर सिंधी वसले. पुढेही पाकिस्तानातून आलेले सिंधी हिंदू लाँग टर्म व्हिसावर वर्षानुवर्षं राहिले, आणि नागरिकत्व मिळालं की त्यांच्या हाती ते प्रमाणपत्र पडतं. इथेच जन्मलेल्याला तसं काही सहसा कोणी देत नाही.

नागरिकत्व कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांना अवैध स्थलांतरितांच्या व्याख्येतून बाहेर काढलं, आणि नियम मार्च २०२४मध्ये आले. जरीपटक्यातल्या माणसाला यात दिलासा दिसतो. यादीत मुसलमान का नाहीत, हा प्रश्नही तितकाच खरा आहे आणि तो सर्वोच्च न्यायालयापुढे आहे.

न्याय-अन्यायाची खरी कसोटी मला आणखी एका कलमात दिसते. चोरीच्या खटल्यात सरकारने चोरी सिद्ध करायची असते. परकीय असल्याचा संशय आला की उलटं, मी परका नाही हे त्या माणसाने सिद्ध करायचं. परकीयांविषयीचा १९४६चा कायदा असं म्हणत होता आणि त्याच्या जागी १ सप्टेंबर २०२५ला आलेल्या नव्या कायद्याने हे तसंच ठेवलं. सरकारला दुसऱ्या देशातले कागद कसे मिळणार, हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण संशय घ्यायला तरी काही आधार हवा की नको? ११ जुलै २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने आसामच्या रहीम अली यांच्या प्रकरणात सांगितलं की हवा. नुसत्या संशयावर कोणाचंही दार ठोठावता येणार नाही, आणि नावांच्या स्पेलिंगमधल्या किरकोळ फरकांवरून माणूस परका ठरत नाही. न्यायालयाने त्यांना भारतीय ठरवलं तेव्हा ते हयात नव्हते. पुढच्याच वर्षी, जून २०२५मध्ये, मुंबई परिसरात राबणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकललं गेलं, आणि ते भारतीयच निघाल्यावर परत आणावं लागलं. बोली आणि धर्म यांवरून घेतलेला संशय किती लांब नेऊ शकतो, ते यात दिसतं. कामरगावचं पोरगंही पुण्या-सुरतेला कामाला जातंच.

विदर्भात याहून चकित करणारं एक ठिकाण आहे. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२पासून आहे. धानाच्या बांधांमधून जाताना प्रार्थनेच्या रंगीत पताका दिसतात. तिथल्या लोकांकडे परकीय म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र असतं, ठरावीक मुदतीनंतर नवं करावं लागणारं. इथेच जन्मलेल्यांकडेसुद्धा. २२ डिसेंबर २०१०ला दिल्ली उच्च न्यायालयाने नामग्याल डोलकर यांच्या खटल्यात निकाल दिला की २६ जानेवारी १९५०पासून १ जुलै १९८७च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेला तिबेटी जन्मानेच भारतीय आहे. म्हणजे आईबाप तिबेटातून आलेले असतील तर अशा वसाहतीत एकाच आईच्या पोटी १९८६ साली जन्मलेली थोरली बहीण भारताची नागरिक आणि १९८८ साली जन्मलेला धाकटा भाऊ परका. घर एक, शाळा एक, हिंदी-मराठी दोघांची सारखीच. पुढे परराष्ट्र खात्याने थोरलीसारख्यांना पासपोर्ट द्यायचं मान्य केलं, पण २०१७ साली अटी घातल्या. नोंदणीचं प्रमाणपत्र परत करा, निर्वासित म्हणून मिळणाऱ्या सवलती सोडा, आणि वसाहतीत राहू नका. धाकट्याला वसाहतीतलं घर आहे, पासपोर्ट नाही. थोरलीला पासपोर्ट हवा असेल तर ते घर सोडावं लागतं.