रानचे मटण की गोठ्याचे?

गेल्या महिन्यात सेनगाव तालुक्यात आमच्या घरी पाहुणे आले. अर्धा किलो मटण रानात चरलेल्या बोकडाचे आणले, अर्धा किलो गोठ्यात मका-ढेप खाऊन वाढलेल्याचे. दोन्ही वेगळ्या भांड्यांत शिजवले. मुलांनी गोठ्याचे संपवले, रानचे त्यांना चिवट लागले. आजींनी मात्र गोठ्याचे ताट सरकवले. म्हणाल्या, "बाई, याला चवच नाही!" खरे कोणाचे?

आमच्या मते दोघांचेही. माळावरची शेळी दिवसभर चालते. बोर, बाभूळ, हिवराचा पाला नि शेंगा खाते. चालण्याने मांस घट्ट होते, चरबी कमी राहते, आणि पाल्यातील काही अंश चरबीत उतरून चव उग्र होते. गोठ्यातले बोकड बसून धान्य खाते. ते लवकर भरते, मांसात चरबी मुरते, म्हणून मटण मऊ नि चव सौम्य. वयाचाही फरक पडतो. ब्रॉयलर कोंबडी सहा-सात आठवड्यांत विकली जाते, गावरान कोंबडीला पाच-सहा महिने लागतात. जीभ ज्या चवीवर वाढते, तीच तिला खरी वाटते.

पण प्रश्न जिभेपुरताच नाही. शेळी म्हणजे भूमिहीन भगिनीची अडीनडीची शिल्लक. मुलाची फी, दवाखाना त्यातूनच निघतो. ६ डिसेंबर १९६४ रोजी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला, तो पडीक जमिनीसाठीही होता. आजही ज्याच्या नावावर गुंठा नाही, त्याची शेळी गायरानावरच जगते. गायरान गेले तर खुराक विकत घ्यावा लागेल, आणि शेळीचा पैसा दुकानदाराच्या गल्ल्यात जाईल.

म्हणून शेळी पाळणाऱ्या भगिनींना आमचे सांगणे असे. दिवसा चारा, आणि विक्रीआधी दोन-तीन महिने संध्याकाळी मूठ-दोन मूठ ज्वारी-मक्याचा भरडा द्या. सवय हळूहळू लावा. एकदम जास्त धान्य दिल्यास पोटात आम्ल वाढून जनावर दगावते. बाजारात व्यापारी शेळी उचलून अंदाजाने भाव करतो, तेव्हा आधी काट्यावर वजन करूनच न्या.

आणि शिजवणाऱ्यांना? रानच्या मटणाला वसमतची हळद नि मीठ चोळून अर्धा तास ठेवा. थोडी कच्ची पपई वाटून लावली तर उत्तम. मग झाकण ठेवून मंद आचेवर सावकाश शिजू द्या. पुढच्या वेळी आम्ही असेच केले. मुलांनी रस्सा दोनदा मागितला, आणि आजी काही न बोलता हसल्या.