पक्षिमंडळाचा सभासद

परगांवीं गेल्यावर पुष्कळांस तेथील अनोळखी पक्षी पाहून कुतूहल वाटतें; परंतु नांव सांगणारा कोणी न भेटल्यामुळें तें तेथेंच विरून जातें. अशा वेळीं तेथील पक्षिनिरीक्षक मंडळींत सामील होणें हा उत्तम उपाय होय.

याचा दाखला आपल्या जवळच आहे. उल्हासनगर, अंबरनाथ अथवा बदलापूर येथून आगगाडीनें आपण ज्या मुंबईस जातों, ती मूळची सात बेटांची. तेथें १५ सप्टेंबर १८८३ रोजीं आठ गृहस्थांनीं ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापिली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपल्या देशाचे होते.

पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं सुमारें दहा वर्षांच्या सलीम अली नामक मुलानें छऱ्याच्या बंदुकीनें एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. मामांस ती ओळखतां येईना. त्यांनीं त्यास सोसायटीचे चिटणीस मिलार्ड यांजकडे पाठविलें. मिलार्डसाहेबांनीं पक्षी तर ओळखलाच, शिवाय संस्थेचा संग्रहही त्या मुलास दाखविला. तोच मुलगा मोठा पक्षिशास्त्रज्ञ झाला व १९४१ सालीं त्याचें भारतीय पक्ष्यांवरील प्रसिद्ध पुस्तक निघालें.

मंडळींत शिकावयाचें तें काय? पहाटे निघावें, भडक कपडे टाळावे, हळू बोलावें, घरट्याजवळ जाऊं नये. दुर्बिणीइतकीच वही महत्त्वाची: तारीख, वेळ, स्थळ, संख्या व पक्षी काय करीत होता, हें तेथल्या तेथें टिपावें. शंका असल्यास नांवापुढें प्रश्नचिन्ह ठेवावें. जाणता सभासद शेपटीच्या हालचालीवरून वा आवाजावरून तिचें निरसन करितो. पावसाळा सरल्यावर उत्तरेकडून येणारा धोबी पक्षी प्रथम कोणत्या दिवशीं दिसला, ही एकट्याची टीप क्षुल्लक वाटेल. परंतु अनेकांच्या अनेक वर्षांच्या टिपा जुळल्या म्हणजे पक्ष्यांच्या प्रवासाचें शास्त्र बनतें.

आपल्याकडे उल्हास नदीचा कांठ आहे, बदलापुराजवळ बारवी धरण आहे. परंतु जेथें शेतें व माळ होते, तेथें आज घरें उभीं राहत आहेत. माळावरची टिटवी कोठें गेली, असें उद्यां कोणी विचारील, तेव्हां उत्तर आपल्या वह्यांतच सांपडेल. म्हणून पालकांनीं येत्या रविवारीं मुलांसह नदीकांठीं जावें, व मुलांनीं वहीचें पहिलें पान त्याच दिवशीं लिहावें.