जुन्या नियतकालिकातील लेख कसा शोधावा?



दरवर्षी प्रकल्पांच्या वह्या तपासताना आम्हाला एक गोष्ट जाणवते. शेवटच्या पानावर संदर्भ म्हणून जुन्या मासिकांची नावे लिहिलेली असतात, पण ते अंक कुणी पाहिलेले नसतात. संगणकावर उल्लेख सापडतो आणि तो जसाच्या तसा उतरवला जातो. मूळ उल्लेखात चूक असेल तर तीही वहीत येते. पुढे हीच मुले विद्यापीठात जातात, कॅटलॉगमध्ये लेखाचे नाव शोधतात आणि ते न दिसल्यामुळे "इथे नाही" म्हणून परत फिरतात. प्रत्यक्षात तो लेख त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावरील कपाटात असू शकतो. म्हणून ही शोधण्याची रीत शाळेतच समजून घ्यावी, असे आम्हाला वाटते.

संदर्भ कसा वाचावा

एक खरे उदाहरण घेऊ. ज्या शोधाच्या स्मरणार्थ आपण २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन साजरा करतो, त्याबद्दल सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांचे टिपण 'नेचर' या साप्ताहिकात प्रसिद्ध झाले. त्याचा संदर्भ असा : नेचर, खंड १२१, अंक ३०४८, पृष्ठे ५०१-५०२, ३१ मार्च १९२८.

यातील प्रत्येक आकड्याला काम आहे. नियतकालिकाच्या नावावरून कपाट सापडते, खंडाच्या क्रमांकावरून जिल्द आणि पृष्ठावरून लेख. तारीख ही पडताळणीसाठी. यांपैकी खंड किंवा वर्ष हाताशी नसेल, तर घरून निघण्यापूर्वीच ते मिळवावे.

सूची आणि कॅटलॉग

ही दोन वेगळी साधने आहेत. कोणत्या विषयावर, कुणाचा लेख, कोणत्या अंकात आला हे सूची सांगते. ग्रंथालयात कोणते नियतकालिक आहे आणि त्याचे कोणते खंड आहेत हे कॅटलॉग सांगतो. कॅटलॉगमध्ये साधारणपणे लेखांची नावे नसतात. म्हणून तिथे लेखाचे किंवा लेखकाचे नाव न घालता नियतकालिकाचे नाव शोधावे. नाव सापडले तरी लगेच आनंद मानू नये. त्याखाली उपलब्ध खंडांची नोंद असते, ती वाचावी. मधलेच एखादे वर्ष नसणे ही नेहमीची गोष्ट आहे.

येथे तीन ठिकाणी अडचण येते.

पहिली, नाव बदलण्याची. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे नियतकालिक पूर्वी 'बॉम्बे ब्रँच ऑफ द रॉयल एशियाटिक सोसायटी' या नावाने निघे. पुढे संस्थेचे नाव बदलले, तसे नियतकालिकाचेही बदलले. जुना लेख जुन्या नावाखाली शोधावा.

दुसरी, रोमन लिपीची. १८६७ साली सुरू झालेले 'विविधज्ञानविस्तार' घ्या. त्यातील 'ज्ञ' मराठी माणूस डी-एन-वाय असा लिहितो, हिंदी भाषक जी-वाय असा, तर विद्वान मंडळी जे-एन असा. एका प्रकारे सापडले नाही तर दुसऱ्या प्रकारे पाहावे. आमच्या इंदूरसारख्या हिंदी मुलुखात हे विशेष लक्षात ठेवावे. आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून पदवी घेतली, त्यामुळे 'पत्रिका' म्हटले की आम्हाला मासिक आठवते. मराठी घरात मात्र कुंडली नाहीतर लग्नाचे आमंत्रण!

तिसरी, शकाची. जुन्या मराठी अंकांवर पुष्कळदा शालिवाहन शक असतो. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पण जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. 'केसरी'चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ चा. तेव्हा शक १८०२ होता. येथे ७८ मिळवणारा १८८० चे अंक चाळत बसेल.

जिल्द आणि फिल्म

चालू अंक सहसा वाचनकक्षात सुटे ठेवलेले असतात. जुने अंक वर्षवार बांधून जिल्दी करतात. त्या बहुधा घरी देत नाहीत. तिथेच बसून टिपणे काढावी, किंवा परवानगी घेऊन छायाप्रत करावी.

वर्तमानपत्राचा कागद हलका असतो. त्यातील आम्लामुळे तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो आणि शेवटी हात लावताच तुटतो. म्हणून त्याची पाने लहान करून फिल्मवर उतरवतात. रिळाच्या रूपात असेल ती मायक्रोफिल्म. वर्तमानपत्रांसाठी ती बहुधा ३५ मिलिमीटर रुंद असते. पोस्टकार्डाएवढ्या सपाट तुकड्याला मायक्रोफिश म्हणतात. चोवीसपट लहान केलेली ९८ पाने एका फिशवर मावतात. ही युक्ती जुनी आहे. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला असताना फिल्मवर बारीक केलेले निरोप कबुतरांकरवी शहरात पोहोचवले गेले होते.

फिल्म वाचायला वेगळे यंत्र असते. रीळ काचेखालून ओवले की पान पडद्यावर मोठे दिसते. आधी सुरुवातीची पाटी वाचावी, तिच्यावर नाव आणि तारखा असतात. पुष्कळदा काळ्यावर पांढरी अक्षरे दिसतात, त्याने गोंधळू नये. फिल्म कडेने धरावी, आणि काम झाल्यावर रीळ पुन्हा गुंडाळून परत द्यावे.

तरीही सापडले नाही तर?

ग्रंथपालांना विचारावे. गांधीनगरच्या इनफ्लिबनेटची संयुक्त सूची पाहून कोणत्या विद्यापीठात काय आहे ते त्यांना कळू शकते. दिल्लीच्या डेलनेटसारख्या जाळ्यातून सदस्य ग्रंथालये एकमेकांकडून लेखाच्या प्रती मागवतात. विचारायला लाजू नये. वाचकाचा वेळ वाचवावा, हा डॉ. रंगनाथन यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांपैकी चौथा नियम. तेच रंगनाथन १९५७ ते १९५९ या काळात आपल्या शेजारच्या उज्जैनला, विक्रम विद्यापीठात होते.

शेवटी पालक आणि विश्वस्त मंडळींना विनंती. महाराष्ट्राबाहेर राहिलेल्या मराठी माणसांच्या शाळा, नाटके, व्याख्याने यांची हकीकत मोठ्या ग्रंथांत फारशी येत नाही. ती असते छोट्या मासिकांत, स्मरणिकांत आणि अशाच वार्तापत्रांत. त्यांची फिल्म कुणी केलेली नसते आणि ती सगळी संगणकावरही आलेली नाहीत. घरातली शेवटची प्रत रद्दीत गेली, की विषय संपला. तेव्हा माळ्यावरचे गठ्ठे देण्यापूर्वी एकदा उघडून पाहावेत. आपल्या या वार्तापत्राचे अंकही दरवर्षी बांधून घ्यावेत. एक जिल्द शाळेत राहावी आणि दुसरी सार्वजनिक ग्रंथालयात द्यावी. पन्नास वर्षांनी कुणी खंड, अंक, पृष्ठ लिहून शोधत आला, तर त्याला ते पान मिळाले पाहिजे.

— प्राचार्य