चित्राची प्रत उतरविताना

आपल्यापैकी अनेक घरांत पूर्वजांनी हाताने उतरविलेल्या पोथ्या जपलेल्या असतात. जसे पाहिले तसेच लिहिले, दोष लेखकाकडे लावू नये, अशी नम्र विनंती त्यांच्या अखेरीस आढळते. चिनी गुंडाळी-चित्रांच्या प्रतींविषयी वाचताना आम्हांला या लेखकांची वारंवार आठवण झाली.

चीनमध्ये प्रत करणे कधीच हलके मानले गेले नाही. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी श्ये ह या कलामीमांसकाने चित्रकलेची सहा तत्त्वे सांगितली. पूर्वसूरींच्या कृतींच्या प्रती करून परंपरा पुढे नेणे, हे त्यांतील सहावे. त्यामागे गरजही होती. रेशीम काळाने ठिसूळ होते आणि गुंडाळी जितकी उलगडावी तितकी झिजते. चौथ्या शतकातील थोर चित्रकार गू काय्झ याची ओळख आज उरली आहे, ती प्रतींमुळेच.

बीजिंगच्या राजवाडा-संग्रहालयात झांग झदुआन या बाराव्या शतकातील चित्रकाराचे नदीकाठच्या नगरजीवनाचे प्रख्यात चित्र आहे. उंची जेमतेम पाव मीटर, लांबी मात्र सव्वापाच मीटरांहून अधिक. त्यात पूल, नावा, दुकाने, उंट आणि शेकडो माणसे. फंग जोंगल्यान या चित्रकर्तीने १९६२ साली त्याची मूळ आकाराची प्रत हाती घेतली. सांस्कृतिक क्रांतीत काम थांबले. १९७६ साली त्यांनी पुन्हा कुंचला उचलला आणि १९८० साली प्रत पुरी केली. अशा कामात भीत भीत ओढलेली रेषा निर्जीव ठरते. मूळ हाताचा वेगच अंगी मुरवावा लागतो. जुन्या रेशमाची तपकिरी छटा साधावी लागते. एवढे करून स्वतःची शैली कोठेही डोकावता कामा नये!

त्याच शहरातील रोंगबाओझाय या संस्थेची वाट निराळी. तेथे रेषा व रंगछटा यांचे वेगवेगळे ठसे लाकडात कोरून एकावर एक छापतात. ‘हान शीझायची रात्रीची मेजवानी’ या एका चित्रासाठी १,६६७ ठसे लागले. १९५९ साली आरंभिलेले काम १९७९ साली संपले. प्रती निघाल्या अवघ्या तीस-पस्तीस.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर अजिंठ्याने दिले आहे. मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी १८७२ पासून तेथील भित्तिचित्रांच्या प्रती केल्या. लंडनला गेलेल्या त्या प्रतींपैकी पुष्कळ १८८५ च्या आगीत जळाल्या. भिंतीवरून पुसले गेलेले काही तपशील आज वाचलेल्या प्रतींतच पाहावयास मिळतात. प्रत करणाऱ्याचे नाव बहुधा मागे राहते. त्याने जपलेले मात्र नातवंडांपर्यंत पोहोचते. घरातील पोथी पुन्हा उघडाल, तेव्हा शेवटच्या पानावरील ती नम्र ओळ अवश्य वाचा.