बुडत्या कर्जदाराला हात की धक्का?

कारखान्याच्या फाटकाला कुलूप लागले म्हणजे यंत्रांचे काय होणार हे पुढाऱ्यांना सुचते. कामगाराला सुचतो तो थकलेला पगार. संघटनेच्या कामात आम्ही अशी कुलुपे पाहिली आहेत. एका कारखान्याची देणी फुगत चालल्याचे दोन वर्षे सर्वांना ठाऊक होते. तडजोडीला कोणी बसले नाही. शेवटी यंत्रे गेली, आणि आमच्या माणसांच्या हाती हिशेबाचे कागद उरले. तेव्हापासून दिवाळ्याचा कायदा हा केवळ वकिलांचा विषय आम्ही मानीत नाही.

आपण ‘मुफलिस’ म्हणतो, तो शब्द अरबी. ज्याची नाणी संपून तांब्याचे पैसे तेवढे उरले तो मुफलिस, असा त्याचा अर्थ शास्त्रकार लावतात. इस्लामी धर्मशास्त्राने या माणसाचा विचार बारकाईने केला आहे. ऋणको खरोखर अडचणीत असेल तर त्याला हात मोकळा होईपर्यंत मुदत द्यावी, आणि कर्ज सोडून दिले तर ते अधिक चांगले, असा कुराणाचा आदेश आहे. मुदत द्यायची, पण मुदतीचा मोबदला घ्यायचा नाही. तो घेतला की व्याज झाले, आणि व्याज निषिद्ध. जकात कोणाला द्यावी याच्या आठ वर्गांत कर्जात बुडालेल्यांचा एक वर्ग आहे. मात्र ऐपत असून टाळाटाळ करणारा या सवलतीचा धनी नव्हे. त्याचे वागणे अन्यायच ठरते.

हदीसमध्ये एक प्रसंग आहे. फळांच्या व्यवहारात एक माणूस बुडाला. पैगंबरांनी लोकांना त्याला दान द्यायला सांगितले. तेही पुरेना, तेव्हा त्यांनी धनकोंना सांगितले की, जे मिळाले ते घ्या, याहून अधिक तुम्हांला मिळणार नाही. आधी समाजाचा हात, मग वाटणी, असा हा क्रम आहे.

शास्त्रकारांत मतभेदही झाले. शहाण्यासुरत्या माणसाचा स्वतःच्या मालमत्तेवरील अधिकार काढून घेऊ नये, असे इमाम अबू हनीफा म्हणत. त्यांचेच शिष्य अबू यूसुफ व मुहंमद यांना धनकोंच्या हितासाठी तसे करणे मान्य होते. पुढे तुर्की साम्राज्याच्या ‘मजल्ला’ या संहितेने शिष्यांचे मत उचलले. वाटणीनंतर उरलेले कर्ज मात्र, जुन्या शास्त्राप्रमाणे, माणसाच्या मानेवर राहतेच. त्याने कमावले की ते फेडायचे.

आधुनिक कायदा येथे वेगळा होतो. आपल्याकडील 1909 व 1920 च्या नादारीच्या कायद्यांत न्यायालय ऋणकोला उरलेल्या बहुतेक देण्यांतून मुक्त करू शकते. 2016 च्या संहितेने कंपन्यांसाठी मुदत बांधली: 180 दिवस, आणखी 90, 2019 च्या दुरुस्तीने कोर्टाचे दिवस धरून 330. प्रत्यक्षात पुष्कळ प्रकरणे याच्या पलीकडे जातात, हे आम्ही अनुभवाने सांगतो. लहान उद्योगांना 2021 पासून धनकोंशी आधीच तडजोड ठरवून मग न्यायाधिकरणाकडे जाण्याची वाट मिळाली. त्यात कारभार मालकाच्याच हाती राहतो. सौदी अरेबियानेही 2018 च्या कायद्यात अशीच प्रतिबंधक तडजोड ठेवली आहे. आपली कितीतरी माणसे आखाती देशांत राबतात. म्हणून तो कायदाही आपल्याला परका नाही.

कंपनी मोडीत निघालीच, तर आपल्या संहितेप्रमाणे प्रक्रियेचा खर्च वजा जाता कामगारांचे मागील 24 महिन्यांचे देणे तारणदार धनकोंच्या बरोबरीने येते. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम त्या वाटणीत धरीत नाहीत. हा हक्क ठाऊक नसलेला कामगार दावा मुदतीत दाखल करीत नाही, आणि हातचे घालवतो.

दोन्ही शास्त्रांतून आम्ही एवढे शिकलो: बुडणाऱ्याला आणि लबाडाला एका मापाने मोजू नये, आणि तडजोड कुलूप लागण्याआधी करावी. त्या बैठकीत धनको आणि मालक बसतात. कामगारालाही तेथे खुर्ची हवी. त्याचा घामही त्या कारखान्याला दिलेले कर्जच आहे.